डोकं की जहाज?

माझ्याकडे एक रोमन नाणं आहे. हे ऐकून लोकांना लगेच सोन्याचा हंडा दिसू लागतो, म्हणून आधीच सांगतो: कांस्याचं आहे, बोटाच्या पेराएवढं, आणि दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाहून स्वस्तात मिळालंय. चौथ्या शतकात अशी नाणी इतकी पाडली गेली की अजूनही ढिगाने सापडतात.

आईने ते बघितलं आणि म्हणाली, "केवढं हिरवं पडलंय! चिंच लावून घासून देऊ?" त्या दिवसापासून नाणं कुलपात आहे. सोळाशेहून जास्त वर्षं चढलेला तो हिरवा थर खरवडला, तर चित्रही त्याच्याबरोबर जायचं.

एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे देवीच्या रूपात खुद्द रोम शहरच. दुसरीकडे लांडगी. दंतकथेतले रोमचे संस्थापक जुळे भाऊ, रोम्युलस आणि रीमस, तिला लुचताहेत, वर दोन तारे. माझ्या नाण्यावर पोरांचे नुसते दोन उंचवटे उरलेत, पण लांडगीने त्यांच्याकडे वळवलेली मान भिंगाखाली स्वच्छ दिसते. खाली टांकसाळीची अक्षरं. आपल्या नाण्यांवर सालाखाली मुंबईची खूण असते, तशी.

इ.स. 330 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी वसवली, त्या सुमारास दोन्ही शहरांची नाणी निघाली. नव्या शहराला जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी पंखवाली विजयदेवता, जुन्या रोमला लांडगी. नव्या सुनेचं कौतुक करताना सासूलाही एक साडी!

जहाज रोमन नाण्यांवर फार जुनं. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या 'आस' नावाच्या ओतीव नाण्यावर पुढे दोन तोंडांचा रोमन देव जेनस, मागे जहाजाची नाळ. वजन पाव किलोच्या आसपास. (ते खिशात घालून बाजारात कोण जात असेल?) पुढे नाणी आटली, चित्रं बदलली. तरी पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा रोमन लेखक मॅक्रोबियस लिहितो की पोरं नाणं उडवताना अजून 'डोकं की जहाज' असंच ओरडतात. आपण तरी काय, 'छापा की काटा' म्हणतो. रुपयावर काटा कुणी पाहिलाय?

परवा भांडी कोण घासणार यावरून घरात जुंपली. मी कुलूप उघडलं.

"डोकं की लांडगी?"

"लांडगी," मुलगी म्हणाली.

नाणं गादीवर पडलं. मान वळवून लांडगी पोरांकडे बघत होती. मी बाह्या वर केल्या.