१८० बाय ५०

गाडीचा रंग आपण चार वेळा विचार करून निवडतो आणि सीटकव्हरवर घरात वादही होतात, पण रोज ज्याच्याशी आपली गाठ पडते तो स्टिरिओ मात्र गाडीच्या खर्चात कुठे किती बचत करता येईल याचा हिशेब करणाऱ्या कुणीतरी आपल्यासाठी आधीच निवडून ठेवलेला असतो. कंपनी फिटिंगचा स्टिरिओ वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. कुणाचीच तक्रार येऊ नये अशा बेताने केलेल्या वस्तूला जेवढे चांगले असता येते तेवढा तो असतो. म्हणूनच तो काढून आपल्या पसंतीचा स्टिरिओ बसवण्यात आवाजापलीकडचेही एक सुख आहे. साऱ्या डॅशबोर्डवर मालकाचा शब्द चालावा अशी ती एवढीच जागा असते.

ही जागा १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. जर्मन मानकसंस्थेने ‘डीआयएन ७५४९०’ या क्रमांकाखाली हे माप ठरवून दिले, ‘आयएसओ ७७३६’ म्हणून ते जगभर मान्य झाले आणि उंची दुप्पट केली की त्यालाच डबल डिन म्हणू लागले. कोणत्याही कारखान्याची गाडी आणि कोणत्याही कारखान्याचा स्टिरिओ यांची सोयरीक जमावी, एवढे सामर्थ्य या दोन आकड्यांत होते. त्याआधीचा काळ आठवला म्हणजे त्यांचे मोल कळते. १९३० मध्ये गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ या नावाने गाडीसाठी रेडिओ विकायला काढला, तेव्हा व्हॅक्यूम ट्यूबचा तो बोजड संच आणि त्याचा सुटा लाउडस्पीकर गाडीत जागा शोधून बसवावा लागे आणि वर इंजिनाच्या ठिणग्यांमुळे रेडिओत उमटणारी खरखर दाबण्याची खटपट करावी लागे. गंमत अशी की, तो रेडिओ गाडीबरोबर येत नव्हता, मागाहून विकत घेऊन बसवायचा होता. म्हणजे आज ज्याला आपण ‘बाहेरचा’ स्टिरिओ म्हणतो तोच घराण्यातला थोरला आहे.

बदलण्याचे काम सुरू होते ते स्टिरिओभोवतीची चौकट काढण्यापासून. त्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी वापरावी, कारण स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा गाडी विकेपर्यंत डोळ्यांत सलत राहतो. पट्टी फटीत सरकवून हलकेच उचकटले की एकेक क्लिप टक् असा आवाज करत सुटते, आणि तो आवाज क्लिप सुटल्याचा की तुटल्याचा हे चौकट हातात येईपर्यंत सांगता येत नाही. मागे वायरींचा जुडगा असतो. पिवळी वायर किल्ली काढल्यावरही जिवंत राहते, कारण स्टिरिओची स्मरणशक्ती तिच्यावर चालते, लाल वायर किल्ली फिरवल्यावर जागी होते, काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या, आणि त्यांच्या काळा पट्टा असलेल्या जोडीदारणी ऋण बाजूच्या. नव्या स्टिरिओचे हे रंग बहुतेक निर्मात्यांनी सारखेच ठेवले आहेत, पण गाडीच्या बाजूने येणाऱ्या वायरींना हा शिष्टाचार ठाऊक नसतो. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांच्या कपलरमध्ये, म्हणजे साऱ्या वायरी एकदम जोडणाऱ्या प्लगमध्ये, कायम वीज असलेली आणि किल्लीवर चालणारी या दोन वायरींच्या जागा उलट असतात. तिथे नुसता कपलर जोडून मोकळे झाले तर स्टिरिओ वाजतो छान, मात्र दर वेळी गाडी बंद केली की सगळी स्टेशने विसरतो. उलट दोन्ही वायरी कायम विजेवर जोडल्या, तर स्टिरिओ गाडी बंद केल्यावरही चालू राहून बॅटरी रिकामी करू शकतो. गाडीचा मूळ कपलर कापून वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळणारा कारागीर कितीही घाईत असला तरी त्याला थांबवावे आणि त्या गाडीसाठी मिळणारा जोड-कपलर आणायला लावावा, असे माझे ठाम मत आहे.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याबद्दल मात्र फार हळवे होऊ नये. ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. पण गाडी चालू असताना मिळणारा विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा, आणि या दोहोंचा गुणाकार-भागाकार केला तर स्टिरिओच्या आतल्या अँप्लिफायरकडून स्वच्छ आवाजात दर स्पीकरला २६ वॅटच्या वर काही निघणे शक्यच नाही; प्रत्यक्षात तर तेही विशीच्या आसपास अडते. आवाजात खरा फरक पडतो तो दारांतले कागदी स्पीकर बदलल्यावर, आणि हे बहुतेकांना स्टिरिओचे पैसे देऊन झाल्यानंतर कळते.

इथवरचा सगळा खटाटोप ज्यांच्या डॅशबोर्डवर तो चौकोन आहे त्यांच्यासाठी. आता तो नाहीसा होत चालला आहे. मागचा कॅमेरा, एसीचे नियंत्रण, दारांच्या कुलपांची सेटिंग, सर्व्हिसिंगची आठवण हे सारे एकाच पडद्यावर येऊन बसले, आणि तो पडदा गाडीतल्या इतर यंत्रणांशी कॅन बसवरून, म्हणजे त्या साऱ्यांना जोडणाऱ्या संदेशांच्या सामाईक वायरींवरून, अखंड बोलत असतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचे दृश्य दाखवणारी सोय सक्तीची झाली, म्हणजे पडदा हवाच झाला. असा पडदा काढायचा म्हटले तर गाडीची निम्मी बोलती बंद होते. स्टिअरिंगवरची बटणे नव्या स्टिरिओला समजावीत म्हणून एक वेगळा दुभाषी डबा लावावा लागतो आणि तो प्रत्येक गाडीसाठी मिळेलच असे नाही. मालकी आपली, हप्ते आपले, पण डॅशबोर्डपुरते आपण भाड्याच्या घरात राहतो. खिळा ठोकायचा तर आधी विचारावे लागते.

अशा गाडीत पडद्याला हात न लावता मागच्या बाजूने काम करणे मला शहाणपणाचे वाटते. कंपनीच्या स्टिरिओतून स्पीकरकडे निघालेला आवाजच वाटेत पकडून तो डिजिटल प्रक्रियेने सुधारणारा छोटा डीएसपी अँप्लिफायर सीटखाली बसवता येतो, दारांत चांगले स्पीकर घालता येतात, आणि डॅशबोर्ड कारखान्यातून आला तसाच दिसत राहतो. त्यात मिरवण्यासारखे काही नसते, शेजारच्या सीटवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही, आणि चौकटीच्या क्लिपाही शाबूत राहतात.