तर्रीशिवायचा काळा रस्सा

ह्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी तेल आणि सुकं खोबरं कमी करायला सांगितलं. जळगावच्या घरात असं सांगितलं की काळ्या रश्श्यात उरतं काय? पण रस्सा बंद करायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. आमच्याकडे तेल पळीनं पडायचं. आता चौघांच्या रश्श्याला दोन लहान चमचे. त्याच्या खाली मात्र मी जात नाही. तिखटाचा रंग तेलातच सुटतो, बिनतेलाचा रस्सा फिका दिसतो आणि कच्चट लागतो.

खरी चव भाजण्यात आहे. कांदे मी सालासकट गॅसच्या जाळावरच ठेवते. वरून कोळसा झाला, चिमट्यानं दाबल्यावर रस फुरफुरला, की उतरवायचे. लसणाचा गड्डाही तसाच. धणे, जिरे, मिरी, लवंग कोरड्या तव्यावर वेगवेगळे भाजायचे. दगडफूल सगळ्यात शेवटी, ते डोळ्यादेखत जळतं.

अडलं ते खोबऱ्यापाशी. दाटपणा आणायचा कशानं? शेंगदाण्याचा कूट घातला तर तेल मागच्या दारानं घरात. मग कच्ची केळी आठवली. रावेर-यावलच्या केळीच्या बागांच्या इतक्या जवळ राहून ती आधी सुचली नाही, याचं नवल वाटलं. साल काढताना हाताला तेलाचं बोट लावायचं, नाहीतर चीक बोटांना काळा धरून बसतो. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायच्या. एक केळं उकडून कांदा-लसणाच्या वाटणात घातलं की रस्सा छान मिळून येतो. बाकीच्या फोडी भाजीत.

सोबत लहान काटेरी वांगी. आपली भरिताची हिरवी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ती इथे नकोत, रश्श्यात विरघळतात. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे, एरवी भिजवलेली मठ, म्हणजे मटकी.

वाटण परतताना खाली धरायला लागलं की तेलाकडे हात जातो. तो आवरून उकळत्या पाण्याचा हबका मारायचा. पुन्हा आटलं, पुन्हा हबका. वेळ लागतो, पण मसाला नीट शिजतो. मग फोडी, दाणे आणि गरम पाणी. चिंचेचा कोळ केळी मऊ झाल्यावरच. आधी आंबट पडलं की फोडी दडदडीत राहतात.

सासूबाई अमळनेरकडच्या. वाटीत डोकावून पहिला प्रश्न, “तर्री कोठे शे?” म्हणजे वरचा तेलाचा तवंग कुठे आहे? मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी पुढे केली. कुस्करून दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, मीठ थोडं कमी आहे. तेलाचं पुन्हा निघालं नाही. ह्यांनी दुसरी वाटी मागून घेतली, पण त्यांचं मत मी धरत नाही. डॉक्टरांच्या धाकानं ते हल्ली उकडलेला दुधीही मागून घेतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळीबरोबरची रशी मात्र जुन्या मापानंच होते, खोबऱ्यासकट. ते सासूबाईंचं खातं आहे, त्यात मी पडत नाही.