ओळख करून देणारा बॉट बसवला, त्याची गोष्ट

आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की एचआरकडून ईमेल यायचा. नाव, हुद्दा, शिक्षण आणि ‘उत्साही व मेहनती’ ही ठरलेली विशेषणं. बरेच जण घरून काम करू लागल्यावर तर कोण कधी आलं हेच कळेना. मग स्लॅकवर, म्हणजे ऑफिसातले मेसेज जिथे चालतात त्या ॲपवर, आपोआप ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

२०१९ पासून स्लॅकमध्ये वर्कफ्लो बिल्डर आहे, ठरावीक कामं आपोआप करून घ्यायचं साधन, कोड न लिहिता वापरता येतं. कुणी चॅनेलमध्ये, म्हणजे स्लॅकवरच्या एखाद्या गटात, आलं की मेसेज सुटतो. सोपं वाटलं. पण चॅनेलमध्ये येणं म्हणजे कंपनीत येणं नव्हे. जुनाजाणता माणूस चॅनेल सोडून परत आला, तरी त्याचंही स्वागत होणार! वर्कस्पेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या स्लॅकमध्ये, नवा सदस्य आल्याची वेगळी सूचना स्लॅकच्या एपीआयमधून (इतर प्रोग्रॅम जोडायच्या सोयीतून) मिळते, मात्र त्यासाठी छोटं ॲप लागतं. ते आयटीतल्या एकाने लिहून दिलं. बाहेरच्या गेस्ट खात्यांना वगळलं. खातं कधीकधी जॉइनिंगच्या आधीच उघडलेलं असतं, म्हणून तारीख एचआरच्या शीटमधून घेतली.

खरी ओढाताण झाली ती मजकुरावरून. एचआरचं म्हणणं, माहिती आपल्याकडे आहेच, तीच बॉटने टाकावी. आधीची कंपनी, अनुभवाची वर्षं, वाढदिवससुद्धा. मला ते पटेना. पहिल्याच दिवशी आपल्याबद्दल सगळ्यांना काय कळावं, हे त्या माणसाने ठरवायला नको का? शेवटी असं ठरलं: बॉट आधी नव्या माणसालाच खासगी मेसेज करतो, त्यात एक बटण असतं. ते दाबलं की फॉर्म उघडतो. कोणत्या नावाने हाक मारायची, काम काय, कशाबद्दल बिनधास्त विचारलेलं चालेल. नाव सोडून सगळं ऐच्छिक. लिहिलेला मजकूर चॅनेलवर जाण्याआधी त्यालाच पुन्हा दाखवला जातो. तसंही स्लॅकमध्ये माणसाने काही दाबल्याशिवाय असा फॉर्म समोर उघडता येत नाही, त्यामुळे माझी बाजू आयतीच भक्कम झाली.

मेसेजमध्ये फक्त मॅनेजरला आणि सोबतीला दिलेल्या सहकाऱ्याला मेन्शन केलं. सगळ्या चॅनेलला घंटी वाजवायची कल्पना मी हाणून पाडली. पाचशे लोकांचं काम थांबवून केलेलं स्वागत कुणाला आवडेल?

एकीने बाकी रकाने कोरे सोडून एवढंच लिहिलं, ‘काम समजेपर्यंत जरा दमानं घ्या.’ तिच्या मेसेजखाली जेवढी उत्तरं आली, तेवढी पदव्यांच्या यादीखाली कधी पाहिली नव्हती.

बटण न दाबणारेही असतात. त्यांना बॉट दुसऱ्या दिवशी एकदा आठवण करतो आणि मग गप्प बसतो. त्यांची ओळख मॅनेजर मीटिंगमध्ये तोंडी करून देतात.