दऱ्या आणि दर्या

माझ्या पहिल्या, स्वतःच प्रकाशित केलेल्या कादंबरीचा नायक पान ८७ वर समुद्रात उतरतो. कादंबरीत समुद्र कुठेच नाही, सगळी गोष्ट डोंगरात घडते. मी लिहिलं होतं, ‘तो एकामागून एक दऱ्या उतरत गेला.’ छापून आलं, ‘तो एकामागून एक दर्या उतरत गेला.’

हे मला पुस्तक आल्यावर अकराव्या दिवशी कळलं, एका अनोळखी वाचकाच्या ईमेलमधून. समुद्र इथे प्रतीक म्हणून आलाय का, असं त्यांनी अगदी आदरानं विचारलं होतं. पान ११२ वर स्वयंपाकघरात ‘आचार्यांना’ हाक मारली आहे, तिथे ‘आचाऱ्यांना’ हवं होतं का, असंही खाली लिहिलं होतं. मी ईमेल वाचला, पुस्तक उघडलं आणि कुठलंही पान चाळलं तरी तेच. दुसर्या, पायर्या, बिचार्या, सार्यांना. पुस्तकभर.

झालं होतं ते असं. मराठीत अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी येतो. सूर्य, कार्य, धैर्य यांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. दुसऱ्या, पायऱ्या, तऱ्हा यांत तो कोयरीच्या शेपटीसारखा वळून पुढच्या अक्षराला चिकटतो. मी ज्या पद्धतीनं टाइप करायचे तिच्यात या दुसऱ्या ‘र’साठी र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि त्यांच्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह पडायचं. पुस्तकाची अंतिम फाइल ‘स्वच्छ’ करायला मी जी सोय वापरली तिनं सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली. जोडचिन्ह गेलं की उरलेल्या तीन अक्षरखुणांचा सरळ रफार होतो. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ आहे. तो वापरला असता तर काहीच बिघडलं नसतं. आता मी तोच वापरते.

दुरुस्तीही एका झटक्यात होण्यासारखी नव्हती. सगळे ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ करावेत, तर सूर्याचा ‘सूऱ्य’ होतो. म्हणून प्रत्येक जागेवर थांबून, शब्द वाचून, हो की नाही ठरवायचं. अशा १,१४३ जागा निघाल्या. तीन रात्री लागल्या. ई-पुस्तकाची फाइल चौथ्या दिवशी सकाळी बदलता आली. छापील प्रतींचं काय?

मी ५०० प्रती छापून घेतल्या होत्या. ऑफसेट छपाईत प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे प्रती जितक्या जास्त तितकी एकेक प्रत स्वस्त पडते. नवख्या लेखकाला हा हिशेब मोहात पाडतो. त्यांतल्या ६४ विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या ४३६ पलंगाखाली आणि दारामागे खोक्यांमध्ये होत्या. शुद्धिपत्र लावावं म्हटलं, तर ते १,१४३ ओळींचं झालं असतं. दोन आठवडे मी त्या खोक्यांकडे पाहत काढले आणि मग सगळी रद्दीत घातली. रद्दीवाला गठ्ठे बांधत असताना मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते.

ज्यांनी प्रत घेतली होती त्यांच्यापैकी ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना मी पत्र लिहिलं, चूक सांगितली, नवी प्रत पाठवेन म्हटलं. एकोणतीस जणांनी मागितली. त्यांतल्या काहींनी जुनीही ठेवून घेतली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तीन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह मी स्वतः प्रकाशित केला आहे, चौथ्या कादंबरीवर काम चालू आहे. या वाटेला लागू पाहणारे लोक मला पैशाबद्दल विचारतात, खपाबद्दल विचारतात. त्याबद्दल सांगेनच. पण या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या मते वेगळी आहे. तुम्हाला कुणीही अडवत नाही. हस्तलिखित कच्चं असलं तरी फाइल चढते. मुखपृष्ठ वाईट असलं तरी चढते. प्रकाशकाकडे गेलं की कुणीतरी वाचतं, नकार देतं, सहा महिने थांबायला लावतं, आणि त्या थांबण्यानं जीव कासावीस होतो. मीही दोन नकार आल्यावर आणि तिसऱ्याची चौदा महिने वाट पाहिल्यावरच हा रस्ता धरला. दार उघडं मिळाल्याचा आनंद इतका होता की दाराशी उभ्या असलेल्या माणसाचं काय काम असतं, हे मला ध्यानातच आलं नाही. ते काम आता माझ्यावर आलं होतं, आणि मला ते येत नव्हतं.

दोन वर्षं ज्या मजकुरात राहिलो तो मजकूर आपण वाचत नाही, आठवतो. डोळा ‘दर्या’वरून जातो आणि मनात ‘दऱ्या’च उमटतं. म्हणून मी काही सवयी लावून घेतल्या. शेवटची वाचणी कागदावर, वेगळ्या फाँटमध्ये, मोठ्या अक्षरात. संवाद मोठ्यानं वाचायचे, शक्यतो उभं राहून. शुद्धलेखन तपासताना शेवटच्या पानापासून मागे यायचं, म्हणजे गोष्ट आपल्याला ओढून नेत नाही. एवढं केलं की अक्षरं सुधारतात. गोष्ट सुधारायला दुसरं माणूस लागतं.

दुसऱ्या कादंबरीसाठी मी संपादक नेमल्या. त्यांचं मानधन एका वैद्यकीय यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करून उभं केलं. (भाषांतरावरच माझं घर चालतं, आठवड्याचे चार दिवस त्याचेच.) बाईंनी सहा आठवड्यांनी हस्तलिखित परत पाठवलं. सुमतीआत्या नावाचं एक पात्र होतं, माझ्या फार जिव्हाळ्याचं, जवळजवळ ११,००० शब्दांचं. त्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘आत्या तुम्हाला हवी आहे. कादंबरीला हवी आहे का?’

मला राग आला. मग मी तो मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढला आणि कादंबरी त्याशिवाय वाचली. अडलं कुठेच नाही. उलट थोरला भाऊ पहिल्यांदाच एकटा दिसायला लागला, कारण आत्या सतत त्याच्या बाजूनं बोलून त्याला वाचवत होती. आत्या गेली. तिचं एकच वाक्य मी भावाच्या तोंडी ठेवलं. ते पुस्तक माझं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे, असं मला आजही वाटतं, आणि त्याचं निम्मं श्रेय त्या पेन्सिलीच्या ओळीला आहे.

छापखान्यानंही मला एकदा असंच शिकवलं. पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या संचांत, छापतात. कथासंग्रह २६१ पानांचा झाला होता, म्हणजे सतरावा फर्मा आणि अकरा कोरी पानं. पाच पानं कमी केली तर नेमके सोळा फर्मे, २५६. पाच पानं काढायला बसले आणि प्रत्येक कथेचा शेवटचा परिच्छेद जादा होता हे लक्षात आलं.

आता पैसा. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर ई-पुस्तकाच्या रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. वरच्या दरासाठी किंमत ठरावीक मर्यादेत ठेवण्यासारख्या अटी असतात. त्यांच्या सिलेक्ट योजनेत गेलात तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, आणि वर्गणी भरणाऱ्या वाचकांनी वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे येतात, जानेवारीच्या विक्रीचे मार्चअखेर. छापील पुस्तकासाठी मी आता मागणीनुसार छपाईच वापरते. एक प्रत मागितली की एक छापली जाते. प्रत महाग पडते, हातात उरतं ते थोडं, पण खोकी नाहीत, आणि चूक सापडली तर पुढची प्रत दुरुस्त होऊनच निघते. माझ्यासाठी हे शेवटचं कारणच पुरेसं आहे.

या सगळ्यातून माझं वर्षातले दोन-तीन महिने भागतं. सहा वर्षांनंतर, चार पुस्तकांनंतर. हे स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कथा-कादंबरीची अडचण अशी की तिची गरज कुणाला आधी पडलेली नसते. मधुमेहावरचं पुस्तक शोधणारा माणूस असतो. डोंगरात हरवलेल्या दोन भावांची गोष्ट शोधणारा कुणी नसतो. ती हातात पडावी लागते, कुणीतरी ‘हे वाच’ म्हणून पुढे करावी लागते. जाहिरातीवर मी एकदा चार महिने खर्च केला आणि खर्चाइतकंच परत आलं. खरा फरक पुढच्या पुस्तकानं पडला. तिसरी कादंबरी आली त्या महिन्यात पहिलीच्या प्रती तिच्या स्वतःच्या पहिल्या तीन महिन्यांपेक्षा जास्त गेल्या. ज्यांना तिसरी आवडली ते मागे वळून आले.

मधला काळ मात्र फार कठीण होता. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये एकोणीस महिने गेले. त्या काळात मला विक्रीचा आलेख पाहण्याचं व्यसनच लागलं होतं. सकाळी उठल्यावर, भाषांतराच्या दोन परिच्छेदांच्या मध्ये, रात्री दिवा घालवल्यावर. सलग नऊ दिवस ती रेघ तळाला चिकटून होती. त्या नऊ दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही, आणि घरात कुणी साधं ‘काय चाललंय’ विचारलं तरी डोळे भरून यायचे. शेवटी ताईनं पासवर्ड बदलून स्वतःकडे ठेवला. महिन्याच्या एक तारखेला ती मला आकडा सांगते. अजूनही तीच सांगते.

त्याच काळात इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लिओनार्ड यांच्या हॉगार्थ प्रेस या घरगुती छापखान्याबद्दल वाचलं. १९१७ मध्ये त्यांनी छोटं हातछपाईचं यंत्र घेतलं आणि घरातल्या जेवणाच्या खोलीत मांडलं. पहिलं पुस्तक दोघांच्या एकेका कथेचं होतं आणि सुमारे १५० प्रती निघाल्या. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला त्या दोघांनी स्वतः शिकून घेतलं होतं. पुढे १९२५ मध्ये व्हर्जिनियांनी डायरीत लिहिलं की आपल्याला हवं ते लिहिण्याची मोकळीक असलेली इंग्लंडमधली आपण एकटीच बाई आहोत. ते वाचून मला बळ आलं. पण मनात राहिलं ते वेगळंच. त्यांचं लिखाण आधी लिओनार्ड वाचत. मोकळीक होती, आणि घरात एक वाचणाराही होता.

म्हणून या वेळी मी त्या समुद्रवाल्या वाचकांना लिहिलं. सहा वर्षांत आमच्यात सात-आठ ईमेल झाले असतील, भेट कधी नाही. चौथ्या कादंबरीचा खर्डा प्रकाशनाआधी वाचाल का, असं विचारलं. त्यांनी होकार दिला, मानधन नको म्हणाले, आणि ‘जिथे माझं वाचणं थांबेल तिथे फक्त पान नोंदवीन, कारण सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल,’ असं लिहिलं.

परवा त्यांची नोंद आली. तीन आकडे होते. १४ आणि २०३ मला लगेच समजले, तिथे मी घाई केली होती. तिसरा ३१. पान ३१ वर एक म्हातारा रोज संध्याकाळी दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघतो, एवढंच आहे. ते पान मी सहा वेळा लिहिलंय आणि मला त्यात काही खटकत नाही. कदाचित ते वाचक तिथे कंटाळून थांबले नसतील, वाचताना थांबावंसं वाटलं म्हणून थांबले असतील. विचारायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे विचारणार नाही.

पुस्तकाची जाहीर केलेली तारीख पुढच्या महिन्याची होती. ती मी काल काढून टाकली आणि ताईला तसं कळवलं. पान ३१ छापून टेबलावर ठेवलंय, मोठ्या अक्षरात, आणि रोज सकाळी भाषांतराला बसायच्या आधी एकदा उभं राहून वाचते.