गुडघ्याचे व्यायाम आणि मशीनचं पॅकेज

माझी मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात आहे. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं आणि खो मिळाल्यावर बसल्या जागेवरून उठताना ती कळवळायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी निदान केलं, ऑसगुड-श्लॅटर. उंची झपाट्याने वाढते तेव्हा मांडीचा स्नायू नडगीच्या कोवळ्या हाडाला ओढतो, म्हणून दुखतं. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात 'मांडीचे व्यायाम'.

घोडं अडलं ते फिजिओथेरपी सेंटरमध्ये. काउंटरवरच पॅकेज पुढे आलं: दुखऱ्या जागी मशीनने करंट, अल्ट्रासाउंडच्या लहरी, शेक. पैसे आगाऊ. सरावाची वेळ बाकावर बसण्यात जायची. मग नंबर लागला की पोरगी उताणी, गुडघ्याला पॅड आणि समोर टीव्हीवर मालिका. "व्यायाम कधी?" विचारलं की एकच उत्तर, "ताई, आधी दुखणं तर कमी होऊ दे." अहो, ते कमी व्हावं म्हणूनच व्यायाम लिहिलेत ना! चिठ्ठी दाखवली तर "मॅडमना विचारा", आणि मॅडम कायम पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटजवळ. शेवटी पॅकेजचे उरलेले पैसे मागितले. मिळाले नाहीत. त्याचा राग अजून आहे.

म्हणून सांगते, पैसे भरण्याआधी विचारा: व्यायाम कोण शिकवणार आणि कधीपासून?

पुढे एका कॉलेजच्या ओपीडीत पहिल्याच दिवशी सतरंजीवर काम सुरू झालं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पाय ताणून 30 सेकंद धरायचा. पाठीवर झोपून कंबर उचलायची. काही आठवड्यांनी भिंतीला टेकून अर्धी बैठक, मग लंज, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं. तिथल्या मॅडमनी डेन्मार्कमधल्या 2020 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं: 10 ते 14 वर्षांची 51 मुलं, 12 आठवडे असेच व्यायाम आणि खेळात कपात, साधारण 80 टक्के मुलांना चांगला फरक वाटला. मैदानावर पूर्ववत उतरायला मात्र बहुतेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागला. हे आमच्या खो-खोच्या सरांना पटवणं वेगळीच कसरत!

दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. दोनपर्यंत चालेल, तीन ते पाच जपून, सहा झाले की थांबायचं. हे मुलीलाच ठरवू द्या, आपण नाही. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, सुजलेला किंवा अडकणारा गुडघा असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. आणि हो, टेंगूळ दुखणं थांबल्यावरही राहू शकतं, त्यासाठी कुणी नवं पॅकेज सुचवलं तर घेऊ नका.