लॅच सर्किट, भाग ४: बाबांच्या बोटाचा दोष नव्हता

सापडलं एकदाचं! टाकीची पातळी दाखवणारा हातातला डिस्प्ले बंद केला की आपोआप पुन्हा चालू होतो, हे रडगाणं मागच्या भागात गायलो होतो. (लॅच म्हणजे बटण सोडल्यावरही सप्लाय धरून ठेवणारं सर्किट. बटण दाबलं की मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचचं गेट, म्हणजे नियंत्रणाची पिन, खाली जाते आणि सप्लाय चालू होतो. मग चिप 'होल्ड' पिन हाय करून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरमार्फत गेट खालीच धरते. बंद करायला बटण पुन्हा दाबलं की कोड होल्ड लो करतो.) गंमत म्हणजे मी बंद केला की नीट बंद व्हायचा. बाबांनी केला की हमखास पुन्हा चालू.

तीन रविवार गेले. पहिला संशय मॉस्फेटवर. पुण्याच्या तपकीर गल्लीत एओ ३४०१ मागितला, तर "हाही पी-चॅनलच, चालून जाईल" म्हणत दुकानदाराने आयआरएफ ९५४० हातात ठेवला होता. तो गेटला दहा व्होल्ट मागणारा गडी, ३.७ व्होल्टच्या सेलवर काय उघडणार? एओ ३४०१ ऑनलाइन मागवून भिंगाखाली सोल्डर केला. फरक शून्य. मग बीसी ५४७ च्या बेसला १० के पुलडाउन (बेस उगाच हाय होऊ नये म्हणून ग्राउंडकडे रेझिस्टर), होल्डची पिन डी० वरून डी१ वर (डी० बूट होताना हाय असते). तरी तेच.

डी१ मिनीला (ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड) यूएसबी लावून सिरीयल, म्हणजे चिपचे संदेश, बघावेत, तर पाच व्होल्ट मॉस्फेटच्या बॉडी डायोडमधून (त्याच्या आतच असलेला डायोड) उलटे थेट लिथियम सेलवर. तो मूर्खपणा नको. शेवटी वेगळ्या यूएसबी-सिरीयल मोड्यूलच्या आरएक्स आणि ग्राउंड अशा दोनच वायरी जोडल्या आणि बाबांना हाक मारली. स्क्रीन विझली, बोट मात्र बटणावर तसंच. एक, दोन, तीन... आणि मॉनिटरवर ओळ उमटली: सॉफ्ट डब्ल्यूडीटी रीसेट! म्हणजे वॉचडॉगने, कोड अडकला की चिप रीसेट करणाऱ्या टायमरने, केलेला रीसेट.

होल्ड लो केल्यावर मी कोडमध्ये रिकामं व्हाइल(१), म्हणजे कधीच न संपणारा लूप, ठेवलं होतं. म्हटलं, आता सप्लाय जाणारच आहे. पण बटण दाबलेलं असेपर्यंत गेट खालीच, सप्लाय जाईल कसा? तीनेक सेकंदांत वॉचडॉग चावतो, चिप रीसेट होते, आणि सेटअपची पहिलीच ओळ होल्ड हाय. झालं, लागला लॅच. मी बोट पटकन काढायचो, बाबा खात्री होईपर्यंत धरून ठेवायचे. लूपमध्ये डिले(१०) टाकला (तेवढ्या थांब्यात वॉचडॉग शांत होतो), मिनिटभर दाबून धरलं, सोडलं. बंद!

शिवाय बॅटरी मोजायचा १०० के रेझिस्टर मॉस्फेटच्या अलीकडे, सेलच्या बाजूला होता. ए० पिनवर बोर्डाचे स्वतःचे ३२० के धरून, बंद असतानाही १० मायक्रोअँप. वर्षाला ९० एमएएचसुद्धा नाही, पण खुपायचं. तो ड्रेनकडे, म्हणजे मॉस्फेटच्या पलीकडे, हलवला, मीटरवर ०.०. तो आकडा बघत चहा प्यायलो.

आज पीसीबीची ऑर्डर टाकणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: बाबांना बंद करायला लावायचंच कशाला? पातळी दाखवून ३० सेकंदांनी होल्ड आपोआप लो. मग बटण दाबलं हे चिपला कळावं म्हणून लावलेले दोन्ही डायोड आणि एक पिन वाचते. ऑर्डर थांबवतोय. ब्रेडबोर्ड पुन्हा टेबलावर.