तू गुलाब नाही, खुंट वाढवतेयस

आमच्या गच्चीवरच्या गुलाबाला दोन वर्षांपूर्वी बुडातून एक फांदी फुटली. काय तिचा जोम! पावसाळा सरेपर्यंत माझ्या खांद्याला लागली. येईल त्याला मी ती कौतुकाने दाखवायचे. फूल मात्र एकही नाही. दसऱ्यानंतर निफाडहून माझा द्राक्षवाला मामा आला, चहा उकळेपर्यंत गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "अगं, तू गुलाब नाही, खुंट वाढवतेयस."

नर्सरीतला गुलाब बहुतेक कलमी असतो, म्हणजे रानटी गुलाबाच्या मुळासकट बुंध्यावर, खुंटावर, चांगल्या जातीचा डोळा (जिथून फांदी फुटते तो कोंब) भरलेला. जोडाच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं. ते वरच्याचं अन्नपाणी खातं आणि माजतं. वर्षभर शेणखत घालून मी पोटभाडेकरू पोसला होता.

मामाने ती फांदी मुळापासून ओरबाडून काढली. नुसती कापली तर पुन्हा फुटते. मग त्याचा हात काही थांबेना. वाळकी काडी गेली, आत वळलेली गेली, एकमेकींवर घासणाऱ्या दोघींतली एक गेली. उरल्या त्या निम्म्यावर आल्या. मी "पुरे रे" म्हणत होते आणि तो फांदीवरचे डोळे दाखवत होता. बाहेर तोंड असलेला डोळा बघायचा आणि त्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. आतल्या डोळ्यावर कापलं की नवी फांदी झाडाच्या पोटात शिरते, मग हवा खेळत नाही. भर पावसात छाटलं तर टोकं काळी पडत खाली उतरतात, म्हणून ऑक्टोबरची उघडीप. शेवटी मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) आणि चुना प्लास्टिकच्या वाटीत कालवून त्याने टोकांना टिळे लावले. बागेत हेच माप 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी असं असतं. लोखंडी भांडं चालत नाही, हे माझी कढई हातात घेतल्यावर त्याला आठवलं, नशीब माझं.

द्राक्षवाल्या माणसाला कापण्याचं भय कसं वाटणार? त्यांच्याकडे वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. काय नावं आहेत! खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते. पण पुढच्या दोनेक महिन्यांत नव्या काड्यांच्या डोळ्यांत बारीक घड तयार होऊन बसतात. गोडी छाटणी त्यांना फक्त बाहेर बोलावते.

डिसेंबरात गुलाबाला अकरा फुलं आली. त्या भरात जानेवारीत मी मोगऱ्याचं पाणी तोडलं, आठवड्याने त्याला गुडघ्याएवढा छाटला, उरलीसुरली पानंही ओरबाडली. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, हे मी सासूबाईंना तीनदा सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्चात कळ्या धरल्या, तेव्हा "यंदा थंडी छान पडली होती" एवढंच म्हणाल्या.

कढीपत्ता तेवढा राहिलाय. उंच, लुकडा, सगळी पानं शेंड्याला. छातीएवढा ठेवला तर बाजूने फुटेल, कळतं मला. पण रोज खुडून खाल्लेल्या झाडावर कात्री धरवत नाही. हल्ली मामा येणार म्हटलं की चहा आधीच करून ठेवते.